उपग्रह थांबतो का?

आमच्या सासूबाईंचं आणि माझ्या उपग्रहांचं सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं. उपग्रह छान दिसतात ते सूर्य मावळल्यावर, आणि नेमकी तीच दिवेलागणीची वेळ. मी उपग्रहांच्या वेळा टिपायला दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर पळायचे आणि त्या खालून ओरडायच्या, "अगं, देवापुढं दिवा कोण लावणार?"

तर परवा सटाण्याहून त्यांचे थोरले भाऊ आले होते. संध्याकाळी मी वर गेले, तर मागोमाग दोघंही आले. तेवढ्यात पश्चिमेकडून एक ठिपका सरकत आला. मामा लगेच म्हणाले, "विमान शे ते, ओझर विमानतळनं."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "विमानाचे दिवे लुकलुकतात, दादा. हा उपग्रह आहे. आता त्या पाण्याच्या टाकीवर आला की विझेल, बघ. पृथ्वीच्या सावलीत जातो तो."

आवाजात तोरा असा, की जणू यांनीच तो सोडलाय! टाकीचं मी सकाळी पोळ्या लाटताना सहज बोलले होते. ठिपका टाकीवर आला आणि खरंच विझला. मी मात्र स्टॉपवॉच दाबायचंच विसरले.

मामा काही हार मानेनात. "ते ठीक शे. पन दिवेलागणीला सून गच्चीवर, आणि देव अंधारात?"

सासूबाई म्हणाल्या, "देव घरचाच आहे, दादा. तो पाच मिनिटं थांबतो. उपग्रह थांबतो का?"