नुसती बसलेली आई

तुम्हाला सांगते, तेव्हा एका विचाराने माझी झोप उडाली होती. ऑफिस, पाळणाघर, स्वयंपाक या धावपळीत मी चार वर्षांच्या सईजवळ कधी नुसती बसतच नाही! मग एका रविवारी ठरवून बसले. मेथीची जुडी तशीच ठेवली आणि रिकाम्या हातांनी तिच्या भातुकलीशेजारी फतकल मारली.

"काय करतेयस?" सईने विचारलं.

"काही नाही. तुझ्याकडे बघतेय."

"भाजी नाही निवडायची?"

"नाही."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि धावत बाहेर गेली. मी आपली चुळबुळत, पण हट्टाने बसून. एवढ्यात शेजारच्या, मूळच्या साताऱ्याच्या शिंदेकाकू फोडलेला कांदा घेऊन हजर!

"चक्कर आली व्हय गं? हलू नगं, हुंग आधी!"

मागे सोसायटीतल्या आणखी दोघी. "अहो, मला काही झालेलं नाही," म्हटलं तर कोणी ऐकेना. शेवटी ताडकन उठून मी ओरडलेच, "सई! गावभर दवंडी पिटायला कुणी सांगितलं होतं? आधी तो पसारा उचल!"

सईचा चेहरा एकदम खुलला.

"काकू, जा तुम्ही आता," ती म्हणाली. "आई बरी झाली."