पेरू म्हणायचं की जांब

तुमच्यात पेरू म्हणतात का जांब? आमच्या घरात यावरून लई वाजलंय. बायको पुण्याची, ती पेरू म्हणते. आई वैजापूरची. तिनं लग्नानंतर लगेच बजावलं होतं, "या घरात जांब म्हणायचं."

बायकोला सातवा महिना लागला आणि नेमके याच फळाचे डोहाळे लागले. शब्द मात्र दोघीही सोडेनात. शेवटी खरं नाव कोणतं, हे मी शेजारच्या काझीचाचांना विचारलं.

ते म्हणाले, "हमारे में जाम बोलते. अमरूद दिल्लीवाले बोलते, और फारसी में तो अमरूद नाशपाती कू बोलते!"

मोबाईलवर पाहिलं, तर पेरूसुद्धा पोर्तुगीज 'पेरा'वरून आला असावा म्हणे, आणि पेरा म्हणजे परत नाशपातीच!

हे मी आईला सांगतच होतो, तेवढ्यात खाली खुलताबादचा फळवाला आला. आई गॅलरीतून ओरडली, "ओ भाऊ, पेरू द्या दोन किलो!"

मी उडालोच. "आई, पेरू?"

"डोहाळे तिचे हायेत. तिनं ज्या नावानं मागितलं, त्याच नावानं आणावं लागतं, नायतर पुरत नायत."

मग पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "बाळंत झाली की जांब."