बाज फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचा पिक्चर

माझं गाव तानसाच्या अंगाला, शहापूर तालुक्यातलं. तुमी पिक्चरचं विचारलं ताई, की गेल्या काय वर्षांतला तुमचा सगळ्यात आवडता पिक्चर कुठला आन का आवडला, तं मी लगेच सांगू शकतो, माझं ठरलेलंच हाय. पण नुसता पिक्चर सांगितला तं तुमी म्हणाल, एवढंच? यात काय हाय? म्हणून आधी माणसं सांगाय लागतील, मंग पिक्चर.

तं माझं नाव अशोक. आईबाबा दोघं शेतमजुरी करायचे, घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आन बाबांचं एकच, शाळा सोडायची नाय. मी दहावी झालो आन वाशिंदला सुताच्या कारखान्यात लागलो. तिथं आवाज काय सांगू तुमाला, शेजारचा माणूस कानात बोंबलला तरी कळायचं नाय. मंग आमी सगळे हातानंच बोलायचो. मनगट असं फिरवलं की धागा तुटला, अंगठा ओठाला लावला की चहा, खांद्यावर दोन बोटं ठेवली की सायेब येतोय. आन तोंडाकडं बघून बघून ओठांवरनं पण कळायचं, हा काय म्हणतोय. कारखान्यातल्या माणसाला ती सवयच लागते.

माझी बायको शांता, ती मुरबाडची, म्हसा गावाच्या जवळची. त्यांच्याकडं थंडीत जत्रा भरते, बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, आन तंबूतला पिक्चर. शांताला लहानपणापासनं पिक्चरचं येड. जत्रेत तिचे बाबा बैलं बघाय गेले की ही तंबूत जाऊन बसायची, आन पुढं पावसाळ्यात भाताच्या लावणीला शेतात वाकून वाकून सगळा पिक्चर बायांना सांगायची. लगीन होऊन वाशिंदला चाळीत आली तरी तेच. आमी महिन्याचा एक पिक्चर बघायचो, कधी शहापूरला, कधी कल्याणला, आन दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दाराशी बाया जमायच्या. शेजारची पारूवहिनी तांदूळ निवडाय घेऊन यायची. शांता सांगाय लागली की हिरो बोलतो तसं बोलायची, सासू बोलते तसं बोलायची, गाणं आलं तं गाणं म्हणायची. पारूवहिनी म्हणायची, मी थेटरात कशाला जाऊ गो, तुझा पिक्चर जास्त चांगला असतो. आन खरंच, मी तोच पिक्चर बघितलेला असायचा तरी मी पण उंबऱ्यावर बसून ऐकायचो.

मंग आमची सुजाता झाली. ती बालवाडीत जायाला लागली होती तवा शांताला ताप आला. साधा ताप नाय, डोक्यात गेला. कल्याणला दवाखान्यात ठेवली, मी कारखान्यातनं थेट तिथं जायचो, सुजाता पारूवहिनीकडं. वाचली, पण शुद्धीवर आली तवा खिडकीकडं बघून मला म्हणते, आज एवढं सामसूम कसं, बंद हाय काय? आन बाहेर तं गाड्यांची कोण गडबड चाललेली. मी हाक मारली, शांता. ती खिडकीकडंच बघत होती. तिथंच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, कानाची शीर गेली, मशीन लावून पण उपयोग नाय.

घरी आलो आन मी तिला कारखान्याचे हात शिकवले. चहा, भाकर, पोरगी रडतेय, कुणी आलंय, पाणी आलंय. ओठ बघाय शिकवलं. काय शब्द आमी घरातच तयार केले, सुजातानं तं कितीतरी केले, पोरांचं डोकं चालतं. घर चाललं. पण बोलणं बंद होत गेलं. कसं झालं, तिचा स्वतःचा आवाज तिला येईना, मंग ती मोठ्यानं बोलायची. नळावर एकदा दोन नव्या पोरी तिच्या आवाजाला हसल्या. तिनं ऐकलं नाय, पण बघितलं. त्या दिवसापासनं ती चाळीत तोंड उघडेना. घरात पण गरजेपुरतं. पारूवहिनी बिचारी यायची, दुपारभर बसायची, तांदूळ निवडायची आन जायची. एका हसऱ्या बोलक्या बाईची सावली उरली म्हणाना.

पिक्चर तं बंदच. मी तिला सांगितलं, माझे डोळे चुरचुरतात, सुताचा भुगा जातो ना त्यात, मला आता पडदा बघवत नाय, आवडत पण नाय पयल्यासारखं. ती मान हलवायची. मी रविवारी घरात बसून राहायचो, पेपर वाचायचो. चाळीत कुणाच्या टीव्हीवर पिक्चर लागला की ती मोरीत भांडी घेऊन बसायची, घासलेलीच परत घासायची. अशी किती वर्षं गेली. सुजाता मोठी झाली, कल्याणला कॉलेजात जायला लागली.

एक दिवस सुजाता आली ती तीन तिकिटं घेऊनच. म्हणाली, बाबा, एक मराठी पिक्चर आलाय, आमच्या मॅडमनी सांगितलाय, आईला घेऊन जायचं. मी म्हटलं, बाय, तिला कशाला तरास देतेस. शांतानं ओठ बघितले आन तिला कळलंच. ती म्हणाली, मी येऊन काय करू, तुमी दोघं जा, मी भिंत बघितली काय आन पडदा बघितला काय. तं सुजाता तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात धरले आन सावकाश म्हणाली, आई, मला तुझ्या शेजारी बसून पिक्चर बघायचाय, मी कधीच बघितला नाय. मंग शांता उठली, चांगलं लुगडं काढलं.

रविवारचा दुपारचा शो. थेटर अर्धं पण भरलेलं नव्हतं. पिक्चर असा होता. घाटाखालचं एक खेडं, रस्त्याच्या कडेला घर, घरात एक म्हातारा आन त्याची सून, दोघंच. मुलगा ट्रकवर गेलेला, लांब, महिनोन्‌महिने आलेला नाय. म्हातारा रोज संध्याकाळी अंगणात बाज टाकतो, रस्त्याकडं तोंड करून बसतो आन विचारतो, आला काय गो? सून म्हणते, येतील. मंग एक दिवस मुलाच्या गाडीवरचा माणूस येतो, सुनेला विहिरीवर गाठतो, आन सांगतो की तो गेला, घाटात गाडी पडली. सून तिथंच बसते. पण घरी येऊन म्हाताऱ्याला सांगत नाय. हा ऐकून मरून जाईल, अशी तिला भीती. कुंकू लावते, बांगड्या घालते, त्याला वाढते, आन विचारलं की म्हणते, येतील. आत चुलीपाशी पदर तोंडात धरून रडते.

आमी सगळे त्या सुनेकडं बघत होतो. बाया नाक ओढत होत्या. म्हातारा तं आपला गप्प, हळूहळू त्यानं विचारणं पण सोडलं, आमाला वाटलं याला आता विसर पडाय लागला, वय झालं. पिक्चरमध्ये बोलणंच कमी. आन मधीच, सगळं थेटर चिडीचूप, आमची शांता मोठ्यानं बोलली. म्हाताऱ्याला ठाऊक हाय!

पुढचा एक माणूस वळला, म्हणाला, ओ बाई, गप बसा ना. सुजातानं तिचा हात दाबला. मी तं खाली बघितलं, म्हटलं आता ही उठून जाते आन परत कधी घराबाहेर पडत नाय. पण शांता कुणाकडं बघतच नव्हती. तिचं ध्यान पडद्यावर. परत म्हणाली, जरा हळू, तिच्या मनानं हळू, त्याला पयल्या दिवसापासनं ठाऊक हाय.

आन शेवटाला काय झालं, सून एक दिवस तापानं पडली. म्हातारा तिच्या उशाशी बसला, कपाळावर हात ठेवला आन म्हणाला, पोरी, आता पुरे झालं. तो माणूस विहिरीवर यायच्या आधी मलाच रस्त्यात भेटला होता. तू जेवावीस, उठावीस म्हणून मी गप राहिलो. मंग ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मोकळी मोकळी रडली, चुलीपाशी रडायची तशी नाय. आन तिथं पिक्चर संपला.

दिवे लागले तं तो पुढचा माणूस परत वळला. मला वाटलं भांडतो की काय. पण त्याच्यासोबतची बाई उठून शांताकडं आली, मास्तरीण असावी, चष्मा होता, आन विचारलं, ताई, तुमाला कसं कळलं? शांताला तिचे ओठ कळले नाय, सुजातानं हातानं सांगितलं. शांता म्हणाली, त्यानं बाज फिरवली ना! आधी रस्त्याकडं तोंड करून बसायचा. ज्या दिवशी तो माणूस आला त्या संध्याकाळपासनं बाज घराकडं फिरवली. रस्त्यावनं कुणी येणार नाय हे कळल्यावर माणूस रस्ता कशाला बघंल? तो सुनेला बघत बसला होता, तिला राखत. आन तिथंच, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, तिनं त्या बाईला करून दाखवलं, म्हातारा कसा बाज उचलतो, कमरेत कसा वाकतो, सून बाहेर आली की कसा डोळे मिटून घेतो. जाणारी माणसं थांबली. आवाज मोठाच होता तिचा. कुणी हसलं नाय.

आमी बाहेर येऊन चहा घेतला. मी तिला हातानं सांगितलं, छान होता पिक्चर. ती माझ्याकडं बघत राहिली आन म्हणाली, तुमचे डोळे चुरचुरले नाय काय आज? मी कपावर फुंकर मारली. ती म्हणाली, मला ठाऊक होतं. एवढी वर्षं ठाऊक होतं. तुमाला बरं वाटावं म्हणून मी मान हलवायची. सुजाता तोंड फिरवून उभी राहिली, मला वाटतं पोरगी रडत होती. मी पण कपात बघत बसलो, काय सांगू तुमाला, चहा गार झाला पार.

दुसऱ्या दिवशी मी पारूवहिनीला जाऊन सांगितलं, वहिनी, आज दुपारी या. ती आली, दोन बाया घेऊन आली. आधी शांता लाजली, म्हणाली, मला गाणी ठाऊक नाय या पिक्चरमधली. पारूवहिनीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं केलं आन म्हणाली, गाण्याला आग लागू दे, तू बोल. मंग शांता बोलली. उठून उभी राहून बोलली. आमची खाटच ओढली म्हाताऱ्याची बाज म्हणून. माझा कामावर जायचा टाइम झाला तरी मी तिथंच, मंग शेजाऱ्यानं हाक मारली तवा पळत सुटलो.

आता तुमी म्हणाल, यात पिक्चर चांगला की तुमची बायको. ते मला वेगळं करता येत नाय ताई. लोक म्हणतात त्यात मारामारी नाय, नाच नाय, लय सावकाश चालतो, दोन आठवड्यांत थेटरातनं गेला पण. जाऊ दे. दोन माणसं एकमेकांना जपायला एकमेकांपासनं लपवतात, आन दोघांना ठाऊक असतं, हे मला कुठल्या दुसऱ्या पिक्चरनं दाखवलं नाय. आन मी तं ऐकत बसलो होतो, बघत नव्हतोच. बघाय तिनं लावलं.

सुजाताचं लगीन झालं, ती बदलापूरला असते, शाळेत शिकवते. आमी दोघंच आता. परत महिन्याचा पिक्चर चालू केलाय, कधी चांगला लागतो, कधी भिकार. स्टेशनापासनं घरापर्यंत चालत येतो. मागनं येणाऱ्या गाडीचा आवाज तिला येत नाय ना, म्हणून मी रस्त्याच्या बाजूला चालतो आन तिचा हात धरतो. चाळीतली पोरं हसतात, काका-काकू बघा कसे चाललेत. हसू दे, त्यांचं पण भलं होऊ दे, तुमचं पण होऊ दे ताई. आन खरं सांगू, रस्ता सरतो, आमची गल्ली येते, तिथं कसली गाडी न काय, तरी मी हात सोडत नाय. ती पण काय म्हणत नाय.