बांधीवरचा खोकला

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आपल्या गावच्या सरपंच सोनीबाई. आपल्या दवाखान्याचे डॉक्टर प्रवीणसाहेब. जिच्यापाई हा मांडव टाकला त्या आपल्या नर्सबाई, रंजीताबाई. समोर बसलेल्या बाया, मानसं, आन मांगं भितीले टेकून खर्रा घोटून राह्यलेले पोट्टेहो, साऱ्यायले माहा जोहार. खर्रा थुकून या अगुदर. मी थांबतो.

मी लटारू. चवथी शिकलो. सोनीबाई काल घरी आली, म्हने, "लटारूभाऊ, गावात म्हातारे तुमीच उरले. दोन शब्द बोला, चांगलं चांगलं बोला." दोन शब्दात होनार नाई. चांगलं बोलाची तं गोष्टच सोडा.

आतापावतर चार जन बोलले. एकानं बाईले देवी म्हनलं, एकानं योद्धा म्हनलं. कोरोनाच्या टायमाले हेच लोक बाई हापशीवर आली का बकेट घेऊन घरात घुसत. असो. मास्तर, तुमी म्हनलं, बाई घरगुती कारनानं नौकरी सोडून राह्यली. कोनतं घर, मास्तर? घुग्घुसले बाप होता, खानीतला मानूस, तो गेला. बारा वर्स बाई दवाखान्याच्या मांगच्या एका खोलीत राह्यली. घरगुती काई नाई. बाई आजारी हाय. मनाचा आजार हाय, नागपूरले इलाज चालू हाय. सकारी मी बाईले पुसलं, "हे बोलू का सभेत?" बाई म्हने, "बोला भाऊ, साऱ्यायले मालूमच हाय." म्हून बोलून राह्यलो. मलेरिया झाला तं आपन चौकात ओरडून सांगतो, आन हे झालं तं घरगुती कारन!

पन बाई एक खोटी गोष्ट खरी मानून चालली. ते तिच्या डोक्यातून काढाचं काम माहं हाय. म्हून उभा झालो, नाई तं मले भाषनाचा शौक नाई.

आजार काय, तं बाईले खोकला आयकू येते. कोनी खोकलत नाई तवाही. घरी येते, पुसते, किती जन हाय? पाच सांगतले तं पाचही उभे करा म्हनते. धानाच्या ढोलीमांगं पाहते. धानाच्या बांधीवर जाऊन राखनीच्या एकएका खोपडीत वाकून पाहते. लस टोचता टोचता अर्धी लाईन सोडून वावराकडं धावली, आठवते ना? आन आपले पोट्टे तिच्या मांगं, "बाई, आमचा कोंबडा मोजाचा राह्यला! कोंबड्याले खोकला हाय!" मोठे हासत होते. मीही होतो तिथी. हासलो नाई, पन पोट्ट्यायले हाकललंही नाई.

आता हे कुठून सुरू झालं, ते आयका. डॉक्टरसाहेब, घड्याळ पाहू नका.

ते वर्स तुमाले मालूम हाय. दुसऱ्यांदा कोरोना आला ते. मोहफुलाचे दिवस. आपल्या गावातून चार जन दवाखान्याच्या गाडीत बसून गेले, चारही जन वापस आले नाई. आपल्यात मयताले हळद लागते, घरचे खांदा देतात, मंग नावाचा गोटा गाडतो. त्या चौघायचं तोंड नाई दिसलं कोनाले. गाडीत संग कोन होतं? बाईच. पोरायसंग बोलाले मोबाईल बाईनंच धरला त्यायच्या कानाले. शेवटचं जे बोलनं झालं ते बाईनं आयकलं. मंग गावात येऊन घरोघरी तिनंच सांगतलं. चार दिवसात चार दारं. पाचव्या दिवशी पुन्हा यादी घेऊन फिरून राह्यली. तिले कोनं पुसलं का, बाई, तुमी जेवल्या का? आमी काय पुसत होतो? आमी आपसात म्हनत होतो, नर्सबाई ज्याले नेते तो मरते.

माह्या मंगलीले बुखार आला. बायको माही, आता नाई. दोन दिवसात खोकला लागला. मले भेव वाटलं, बाई नेईन. मंगली म्हने, "जाऊ द्या मले, दवा तं भेटन." मी म्हनलं, "तुले काय समजते?" आन पहाटेच तिले बांधीवरच्या खोपडीत नेऊन निजवलं.

बाई घरी आली. तोंडाले दोन मास्क, डोळेच दिसत.

"लटारूभाऊ, मंगलीबाई कुठी हाय?"

"आरमोरीले. माहेरी. भाचीचं लगन हाय."

"लगनं तं बंद हायेत ना भाऊ."

"घरातल्या घरात हाय. बँड नाई."

"मंग तुमी काऊन नाई गेले?"

"सासुरवाडीचे मले बोलावत नाई."

बाई हासली. त्या दिवसात बाईले हासताना मी तेवढंच पाह्यलं. कागदावर बाहेरगावी लिवलं आन गेली.

हो, आयकून राह्यले ना? मंगली आरमोरीले गेली नव्हती.

पवन, बस खाली. माहा पोरगा हाय तो, साऱ्यायले मालूम हाय. तो तवा सूरजागडकडं ट्रकवर होता, तिकडंच अटकला होता. त्यालेही मी हेच सांगतलं का माय आरमोरीहून आजार घेऊन आली. पाच वर्स झाले, तो मामाच्या घरी पानी पेत नाई. बस रे बावा. घरी भांडू आपन. आज बाईचा दिवस हाय.

दुसऱ्या दिवशी बाई पलीकडच्या टोल्यावर, त्या चार घरायकडं, जाऊन राह्यली होती, आपल्या बांधीवरून पायवाट हाय तिकडनं. मी खोपडीत मंगलीले पेज पाजून राह्यलो होतो. तिले खोकल्याची उबळ आली. बाहेरून आवाज आला, "कोनी हाय का?"

मी मंगलीच्या तोंडावर हात दाबला.

बाईनं पुन्हा हाक मारली. "कोन खोकलून राह्यलं? मी नर्स हाय. भेऊ नका."

मंगलीनं माहा हात चावला. कडकडून. रगत निंगालं. तिले हाक द्याची होती. तिले बाईसंग जायचं होतं. मी हात काढला नाई.

तिले दम लागला, डोळे मिटले, आवाज बंद झाला. मंग मी बाहेर आलो, हात धोतरात गुंडाळून. म्हनलं, "मीच हाय बाई. मोहफुलं राखून राह्यलो. चुलीचा धूर गेला नरड्यात."

बाई म्हने, "बाईमानसाचा खोकला होता भाऊ. मी आयकला."

खोपडी दहा पावलावर होती. ती पुढं येऊन राह्यली होती. तिले तिथीच थांबवाले मी हासलो. मोठ्यानं. म्हनलं, "बाई, तुमाले आता जंगलातही खोकला आयकू येते का? रोज मयत पाहून डोक्यावर परिनाम झाला तुमच्या. जा, झोपा जरा."

बाई थांबली. मले अजून दिसते. तिनं कानावर हात ठेवला, असा. मंग म्हने, "असन भाऊ. तीन दिवसापासून झोपली नाई मी." आन फिरून निंगाली.

तिसऱ्या दिवशी मंगलीचे ओठ काळे पडले तवा तिले घरी आनलं आन मीच दवाखान्यात धावलो. सांगतलं, काल सांजच्याले आरमोरीहून आली, आजारीच आली. बाईनं गाडी आनली, ऑक्सिजन लावलं, माहीच समजूत घालत बसली. डांबरी रस्ता लागाच्या अगुदर मंगली गेली. बाई रडून राह्यली होती, आन मी तिच्याकडं पाहतही नव्हतो.

मांगच्या महिन्यात डॉक्टरसाहेबायनं मले दवाखान्यात बोलावलं. त्यायले वाटलं, म्हाताऱ्यानं समजावलं तं बाई थांबन. मी पुसलं, बाईले नेमकं झालं काय? साहेब म्हणाले, "लटारूभाऊ, त्यांना वाटतं त्यांचा स्वतःच्या कानांवर भरवसा राहिला नाही. पहिल्यांदा भास झाला तो तुमच्याच बांधीवर, असं त्या सांगतात. तेव्हापासून एक मन म्हणतं तिथं कुणीतरी होतं, दुसरं म्हणतं तू वेडी झालीस."

मी घरी आलो. पंधरा दिवस जेवन गेलं नाई. मंग पुन्हा साहेबाकडं गेलो, सारं सांगतलं. साहेब म्हणाले, "सांगितलं म्हणजे त्या लगेच बऱ्या होतील असं समजू नका. गोळ्या लागतील, वेळ लागेल. नंतरचे खोकले आजाराचेच आहेत." मी म्हनलं, साहेब, मी मंत्र मारून राह्यलो असं कोन म्हनते? पन पयला भास नव्हता, हे तं तिले मालूम पडाले पायजे! साहेब म्हणाले, त्यांना एकट्यांना सांगा. मी म्हनलं, येडी तिले साऱ्या गावानं म्हनलं, मंग एकटीच्या कानात सांगून कसं चालन? सकारी बाईले परवानगी पुसली ते आजाराची. ह्याची नाई पुसली. ते चुकलंच, बाई. पुसलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, राहू द्या भाऊ.

रंजीताबाई, मान वर करा. नसन करता येत तं नका करू, आयकू येते तेवढं बस हाय. त्या दिवशी खोपडीत मंगली होती. खोकला तिचाच होता. तुमी बरोबर आयकलं. बाईमानसाचा म्हनलं तेही बरोबर. ध्यान बरोबर होतं, कान बरोबर होते. तीन दिवस झोप नाई, आन तरी बरोबर होते. तुमी नाई फिरल्या, मी फिरवलं तुमाले.

आन गावाले सांगतो. उद्यापासून ह्या बाईचं नाव घेऊन कोनी येडी म्हनलं तं त्यानं अगुदर माह्या दारात यावं. म्हातारा हाव, पन हातात काठी हाय. हा हात पाहाचा असन कोनाले तं पाहा. दात उमटले ते अजून हायेत. पाच वर्स मी सांगत आलो, कुत्रं चावलं.

मी बाईले थांबा म्हनत नाई. जाऊ द्या तिले. नवी नर्स येईन, तिले निदान जेवली का ते पुसजा.

सोनीबाईनं बोलाले देल्लं, तिचे आभार. साहेबायचे आभार, माईकवाल्याचे आभार. बोलन्यात काई कमीजास्त झालं असन, कोनाचं मन दुखलं असन, तं सभेनं माफ करावं. बाकी जे केलं त्याची माफी सभेच्या हातची नाई. ते मी रंजीताबाईले मांगतो, आन तिनं आज इथी, चार लोकायसमोर, लाजेपाई देऊ नये. पवनलेही मांगतो. तो उठून गेला वाटते. जाऊ द्या.

टाळ्या वाजवू नका कोनी. जोहार.