थाप मारायची लाज

— हलवू नकोस म्हटलं ना तो हात! उशीवर टेकव. असा. कोपर वाकलेलंच राहू दे, सरळ होतंय का बघायची हौस आत्ता नको. बर्फ संपलाय, म्हणून खालच्या रसवाल्याकडून ही आसाई फळाच्या गराची गोठलेली पिशवी आणलीय, ती धर वरून. ल्युसिमार तिच्या भावाची गाडी आणायला गेलीय, तीच नेईल तुला एक्स-रे काढायला. हो, तीच. जिच्या पायांत तुझा हात अडकला होता तीच. लाज वाटते तिच्या गाडीत बसायची? वाटू दे! एकतीस वर्षांचा घोडा तू, आदेर्बाल, डेपोत बसचं चाक एकटा उचलतोस म्हणे — आणि ती पोस्टात टपाल वाटणारी, बावन्न किलोची. पण सहा वर्षं येतेय ती या मॅटवर. तुला किती झाले? तीन आठवडे. आणि तीन आठवड्यांत तुला जिंकायचं होतं. कोणाशी? काय मिळणार होतं जिंकून — आपल्या बांगूच्या चौकात पुतळा?

नाही, आता ऐकच. बोलू नकोस, फक्त ऐक. कुस्तीचा हा किमोनो अंगात घातल्यापासून तू श्वास कोंडून धरतोस. पहिल्या मिनिटात तोंड टोमॅटोसारखं लाल, दुसऱ्या मिनिटात हातात जीव नाही. मी ओरडते, "श्वास सोड रे!" — तू दात आणखी आवळतोस. कॉलर धरलीस की सोडत नाहीस, बोटं सुजेपर्यंत, जणू ती सोडली तर समुद्रात बुडशील. नखं काप म्हणून दोनदा सांगितलं, आज ल्युसिमारच्या मानेवर ओरखडा आहे बघ. आणि सगळ्यांत मोठी चूक कुठली? ती छातीवर बसली की तू काय करतोस? दोन्ही हात लांब करून ढकलतोस तिला. दार ढकलल्यासारखं! अरे, खाली पडलेल्या माणसाने हात सरळ केला म्हणजे तो ताटात वाढून दिला. कोपरं बरगड्यांना चिकटव, कुशीवर वळ, कंबर सरकव, जागा कर — किती वेळा दाखवलं? पण कंबर सरकवण्यात मर्दानगी नाही ना. ढकलण्यात आहे.

बरं, चूक झाली. चुका सगळेच करतात, मी पाच वर्षं केल्या. हात गेला तिच्या मांड्यांत — तरी काही बिघडलं नव्हतं. तिने सावकाश ताणला, मी इथे भिंतीशी उभी होते, बघत होते. थांबली ती. तुझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा, "मार ना थाप, आदेर्बाल." हरलो, सोड, एवढंच सांगते ती थाप; दोन बोटांनी तिच्या पायावर टकटक केलंस तरी संपलं असतं. हात मोकळा, परत पहिल्यापासून सुरू. आणि तू काय केलंस? हसलास. हसून उचलायला गेलास तिला त्याच हातावर — आणि तो आवाज. मी ओळखते तो आवाज. ओल्या फांदीचा.

पहिल्या दिवशी तासभर मी तुम्हाला फक्त थाप मारायला शिकवलं, तेव्हाही हसला होतास तू. शेजारच्याला म्हणालास — मला ऐकू येतं बरं का सगळं — "कुस्ती शिकायला आलो की टाळ्या वाजवायला?" बाकीच्या शाळांत नाही करत असं, माहिती आहे मला. लोक म्हणतात, जुसाराबाईंची शिस्त. शिस्त कसली डोंबलाची —

माझ्याकडे एक मुलगी होती शिकायला. एकोणीस वर्षांची. चपळ अशी की मासळीसारखी हातातून निसटायची. तिला अग्निशमन दलात जायचं होतं, लेखी परीक्षा पास झालेली, शारीरिक चाचणी दीड महिन्यावर. आणि आधी ही राज्याची स्पर्धा. अंतिम फेरी, समोर निटेरोयची एक दांडगी पोरगी. आपली पोर गुणांनी पुढे होती, शेवटची वीस सेकंदं राहिली होती — आणि हात अडकला. तुझ्यासारखाच. पण तुझ्यासारखी बावळट नव्हती ती, तिला कळलं होतं की आता सुटका नाही. डावा हात मोकळा होता तिचा. उचललासुद्धा तिने थाप मारायला. आणि वळून बघितलं कडेला.

मी होते कडेला. गुरू म्हणून.

मी मान हलवली. अशी. नाही म्हणून. ओरडले, "नाही मारायची! वीस सेकंदं! सोस!" — आणि तिने सोसलं. तो उचललेला हात तिने खाली घेतला रे, मुकाट. चौदा सेकंदं सोसलं. मग तो आवाज आला, पंचाने लढत थांबवली, सुवर्णपदक त्या दुसरीला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात राहिला, पण सरळ होत नाही, शिडी धरता येत नाही नीट. अग्निशमन दलाने पत्र पाठवून कळवलं, दोन ओळींचं. आमारो ते पत्र वाचून माझ्याशी महिनाभर बोलला नाही, जेवण वाढून घ्यायचा आणि उठून —

आमारो कोण? माझा नवरा.

हो. माझीच. जिस्लेनी. माझ्याच पोटची. आता समजलं? बघू नकोस असा माझ्याकडे.

सगळ्यांना सांगते मी की ती नोकरीसाठी व्हितोरियाला गेली. नोकरी आहे तिला तिथे, चष्म्यांच्या दुकानात. दर रविवारी फोन करते, आमारोशी अर्धा तास बोलते, खिदळते. मग तो फोन माझ्याकडे देतो. "कशी आहेस, आई?" "बरी आहे. तू?" "बरी." संपलं. सात वर्षं हेच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता येतं, भांडणात मी कोणाला हरत नाही. पण ती एकदाच काय ते बोलली. स्पर्धेहून परतताना, हात गळ्यात बांधलेला, गाडीत मागे बसली होती. रडत नव्हती. आरशातून मला म्हणाली, "आई, माझ्या हाताला कळलं होतं गं. मी तुला कशाला विचारलं?"

काय?

नाही. नाही मागितली माफी. काय म्हणून मागू — शब्द आहे का त्याला एखादा? तिकडे जायचं तिकीट दोनदा काढलं, दोनदा — तुला कशाला सांगतेय मी हे! हाताचं बघायचं सोडून माझी चौकशी करतोस? तीन आठवड्यांचा पांढरा पट्टा आणि मला शिकवतोस कोणाची माफी मागायची ते? हॉर्न वाजला बघ खाली. ऊठ. सावकाश. जिन्यात कठडा धर. आणि गाडीत बसल्यावर ल्युसिमारला आधी सांग की चूक तुझी होती, रडत होती ती मघाशी बाथरूममध्ये. सांगशील ना? तुला जमेल ते. जा.

जा म्हटलं ना. आणि दार ओढून घे.