माझी तांबडी आणि आत्याबाईंचा नवस

लिवून घ्या, वैनी, माझं माहेर माढ्याकडचं. कोरडवाहू गाव, ज्वारी आन करडई, आन घरटी दारात कोंबड्या. लगीन होऊन सोलापुरात आले तवा मालक कापडाच्या गिरनीत साच्यावर, म्हंजे मागावर हुते, शुक्रवार पेठेत बोळात एक खोली आन मागं हातभर परडं. पहिल्या सालात मला भोंग्याचं लई भ्या वाटायचं, काय सांगू तुमाला, भोंगा झाला की हातातला तांब्या पडायचा. आई भेटायला आली, बघितलं पोरगी वाळली, तर दुसऱ्या खेपेला पाटीत झाकून एक तलंग घेऊन आली, म्हंजे अजून अंडी न घालनारी कोवळी कोंबडी, तांबड्या रंगाची. म्हनली, ह्या घरात सगळं त्यांचं आसंल, ही तेवढी तुजी. एवढंच म्हनली आन गेली.

तर तांबडी माझी. ती परड्यात फिरायची, मी शेजारी नरसक्काकडं कांड्या भरायची. नरसक्का तेलंगी, तिच्या घरात माग. मी सुताची रीळं भरत बसले की तांबडी माझ्या मागनं येऊन तिच्या अंगनात उकरायची. तांबडीच्या अंड्यावर माझी चोळी-बांगडी व्हायची, कुनापुढं हात पसरावा लागला न्हाय.

मग मालकांना मुदतीचा ताप आला. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, बोळाच्या तोंडाशी मरीआईचं देऊळ हाय तिथं गेल्या, पदर पसरला, आन म्हनल्या, माझा ल्योक उठून गिरनीत जाऊ दे, आखाडात तुला तांबडी देते. ताप उतरला, मालक कामावर गेले. पन हे मला घरात कुनी सांगितलं न्हाय. मला कळलं नरसक्काकडनं, कांड्या भरताना.

मी घरी आले, भाकरी थापता थापता इचारलं, आत्याबाई, कोंबडी माझी, ती तुमी कशी दिली? त्या म्हनल्या, तू आलीस तवाच तू आमची झालीस, मग तुजी कोंबडी कुनाची? आन नवरा नगं हुता का तुला? मालकांना म्हनलं तर ते म्हनले, जाऊ दे की, आईशी कोन भांडंल, दुसरी आनू तुला. दुसरी.

आखाड तोंडावर आला आन तांबडीनं खानं सोडलं. पंख ढिले, मान आत, कोपऱ्यात फुगून बसायची. दाना टाकला तर बघायचीबी न्हाय. आत्याबाई म्हनल्या, मरीआईनं आपलं मागून घेतलंय, हिचं त्वांड बांधलंय, आता थांबायला नगं, मेलेलं देवीला चालत न्हाय, उद्याच नेऊ. आन सुरी घासायला काढली.

मी तांबडीला मांडीवर घेतलं. छातीवर दान्याची पिशवी असती बगा, ती चाचपली, तर दगडावानी. गोडं तेल कोमट करून पाजलं, हळूहळू चोळलं, काय हालंना. मग चोच उघडून बघितली तर जिभंखालनं एक सुताचा धागा. वढला, तर टीचभर आला आन ती घुसमटली. तवा माझ्या ध्येनात आलं. नरसक्का अंगनात ताना, म्हंजे मागाचं उभं सूत, पसरून त्याला खळ लावायची, पिठाची कांजी, वाळली की सूत कडक व्हतंय. तांबडीला कांजीचा वास, ती तुटलेलं सूत खात बसली आसनार. कसली देवी आन कसलं त्वांड बांधनं, पिशवीत सुताचा गुंता हुता.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई हार-नारळ आनाया बाजारात गेल्या. मी मालकांचा वस्तरा घेतला, तांबडी उचलली आन नरसक्काच्या वसरीवर गेले. म्हनलं, धर हिला. माझ्या आईनं गावाकडं एका कोंबडीची पिशवी अशीच चिरून शिवलेली मी बघितली हुती. नरसक्का भ्याली. म्हनली, अगं, नवसाला बोललेली कोंबडी ही, हिच्या अंगाला आदीच लोखंड लागलं तर खोट येईल, मग मरीआई घेनार न्हाय हिला.

मी थांबले. तवापातुर मी निस्तं जीव वाचवायचं बघत हुते, वैनी, खोट आली की ती नवसातनं सुटती हे माझ्या डोक्यातच न्हवतं. मग वस्तरा नीट धरला आन म्हनलं, येऊ दे खोट.

पिसं उपटली, कातडं चिरलं, मग आतली पिशवी. गुंता निघाला, लिंबाएवढा, त्यात ज्वारी अडकून मोड फुटलेली. कोमट मिठाच्या पान्यानं धुतलं, आदी पिशवी शिवली, मग येगळं कातडं, नरसक्काच्या लुगड्याच्या काठाचं तांबडं रेशीम हुतं त्यानं, आन वरनं हळद. नरसक्का डोळं मिटून धरून बसली हुती, तिच्या भाषेत काय काय पुटपुटत.

आत्याबाई आल्या, हारबीर हातात, आन त्यांनी टाके बघितले. लई बोलल्या. देवीच्या तोंडचा घास शिवून ठेवलास म्हनल्या. उद्या माझ्या लेकाला काय झालं तर? मी म्हनलं, झालं तर कुंकू माझं जाईल, मला काय भ्या न्हाय व्हय? पन माझं द्यायचं तर मला इचारून द्यायचं. मी जानून चिरलीय. मालक दारात उभे, त्यांनी हळूच वस्तरा उचलला आन धुवायला गेले.

त्या दिवसापासनं आत्याबाईंनी माझ्या हातचं सोडलं. ताट वाढावं, त्यांनी भिंतीकडं त्वांड करावं. इकडं कोंबडी जेवंना, तिकडं सासू जेवंना. मालक म्हनायचे, दोघींनाबी आंबील पाज. तांबडीला मी चमच्यानं पाजतच हुते, पन आपनहून चोच लावंना. मेली आसती तर मला ह्या घरात उभं ऱ्हायला जागा न्हवती, हे मला ठाऊक हुतं.

एक दिवस दुपारी आत्याबाईंचं ताट तसंच पडलेलं, दुधात कुस्करलेली भाकरी. तांबडी उठली, लडबडत आली, ताटाच्या कडंला थांबली, आन टोच मारली. मग दुसरी. आत्याबाई बघतच ऱ्हायल्या. म्हनल्या, मेले, माझ्या आदी तुला भूक लागली व्हय. आन हात धुवून मला म्हनल्या, वाढ दुसरं ताट, हिनं उष्टं केलं.

आखाडात त्यांनी बाजारातनं कोंबडा आनून आपला नवस आपल्या हातानं फेडला. मी बऱ्या झालेल्या तांबडीचं पहिलं अंडं आन नारळ घेऊन गेले. मरीआईला म्हनलं, नवरा माझाबी हाय, हे माझं घे, मी देते. मालक अजून साच्यावर हाईत, बरे हाईत.

तांबडी म्हातारी होऊन पाटीखाली निजल्या जागी गेली. तिच्या नाती-पनत्या परड्यात हाईत, आत्याबाईंना आता दिसत न्हाय, पन सांजेला इचारतात, सगळ्या आत आल्या का गं. आन आखाड आला की बोळातल्या बाया चांगल्या धडधाकट कोंबड्या पदराखाली घेऊन येत्यात. मला म्हनत्यात, मंजुळाबाई, सासूनं नवसाला बोलून ठिवलीय, एक टाका घाल की. मी घालत न्हाय. आजारी आसंल तर आन, म्हनते, न्हायतर टाका कोंबडीला कशाला, जा आन तोंडानं न्हाय म्हन. काही जनी रागावून जात्यात. एखादी खरंच न्हाय म्हनून येती.

तुमी आजून लहान हाय, वैनी, नवा संसार. तुमचं म्हनून जे काय आसंल ते तुमाला इचारल्याबगार कुनी देऊन टाकू नये, आन टाकलंच तर तुमी गप बसू नये, एवढाच माझा आशीर्वाद. हे बी लिवा.