दुपारी अडीचचा फोन

रत्नागिरी स्टँडवर राजापूरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"कुमुदवैनी, प्रसन्नाचा फोन येतो का गो मुंबईहून?"

"येतो तर! रोज दुपारी अडीचला."

"रोज? आमचा गणपतीला नि शिमग्याला करतो."

"याचंही तसंच होतं. मग ह्यांचे बोटीवरचे जुने फोटो त्याने कॉम्प्युटरात भरले. दोन वाजता त्यांचा बॅकअप आपोआप एका डबीत उतरतो. नाही उतरला, तर प्रसन्नाच्या मोबाइलवर लगेच सूचना जाते."

"बरं, मग?"

"एकदा विजा चमकायला लागल्या म्हणून मी डबीची वायर काढून ठेवली. अडीचला याचा फोन! 'आई, बॅकअप का नाही झाला?' मग जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं."

"नि आता?"

"आता कडक ऊन असलं तरी काढते."

"अगो बाय! नि फोटो गेले म्हणजे?"

"जातात कसले? चहा झाला की वायर लावते नि बटण दाबून बॅकअप घेते. मला येतं सगळं."

"पण त्याला कळलं तर?"

"कसं कळेल? फक्त सोमवारी डोळा लागला, नि वायर काढायची राहिली. बॅकअप झाला की गो व्यवस्थित!"

"म्हणजे फोन बुडाला."

"बुडतोय कसला! दोन वाजून पाच मिनिटांनीच आला. घाबराघुबरा झालेला. 'आई, आज बॅकअप कसा काय झाला? तू बरी आहेस ना?'"